शेअर्ड व्हर्च्युअल खोलीतला लॅग कुणाला कळू न देता कसा मुरवायचा

बाबा पुण्यात, ताई श्टुटगार्टला, आणि दोघांना कॅरमचं वेड. म्हणून मी दोघांसाठी एक व्हर्च्युअल खोली बनवली, मधे कॅरम बोर्ड, समोरासमोर दोन खुर्च्या, ताईकडे हेडसेट, बाबा लॅपटॉपवर. पहिल्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "अगं, हा स्ट्रायकर बोटाबरोबर येत नाही, मागून दोरीने ओढल्यासारखा येतो." लॅग, म्हणजे हालचाल करणं आणि ती दिसणं यातला उशीर, हा शब्द त्यांनी कधी वापरलेला नाही पण बोटाला बरोबर कळलं. सर्व्हर मी तेव्हा युरोपात ठेवला होता, तिकडे स्वस्त मिळाला म्हणून, त्यामुळे बाबांनी स्ट्रायकर हलवला की ती खबर आधी जर्मनीला जायची, तिथून "हो, हलला" असं उत्तर यायचं आणि मग कुठे बाबांच्या स्क्रीनवर स्ट्रायकर सरकायचा. जाऊन-येऊन साधारण १४० मिलिसेकंद. मग मी सर्व्हर मुंबईत आणला. बाबा खूश, आणि दुसऱ्या दिवशी ताईचा फोन, "काल छान चाललं होतं, आज काय केलंस?"

तेव्हा डोक्यात पक्कं बसलं की उशीर कुठे जात नाही, तो फक्त घर बदलतो. आपलं काम एवढंच की तो अशा जागी नेऊन ठेवायचा जिथे माणसाचं लक्ष नसतं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात. तुम्ही खोली युनिटी किंवा गोडो या गेम इंजिनमध्ये बनवा नाहीतर ब्राउझरमध्ये थ्री जेएस ही लायब्ररी घेऊन, तत्त्व तेच.

पायरी १: आधी मोजा, अंदाजाने काही करू नका

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. पुणे ते श्टुटगार्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धरा, तर एका बाजूचे ३३ मिलिसेकंद आणि जाऊन-येऊन ६५ हे कुणाच्या बापाला कमी करता येणार नाहीत, कितीही भारी प्लॅन घ्या. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, मधे राउटर लागतात, म्हणून आकडा दुप्पट होतो.

पण हा जाऊन-येऊनचा वेळ, ज्याला पिंग म्हणतात, म्हणजे सगळा उशीर नव्हे, हे बरेच जण विसरतात. सर्व्हर सेकंदाला २० वेळा अपडेट पाठवत असेल तर दोन अपडेटमधे ५० मिलिसेकंदांची फट असते, तुमची हालचाल त्या फटीत कुठेही पडू शकते म्हणून सरासरी २५ तिथेच गेले. स्क्रीन सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवत असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, आणि इनपुट वाचणं, गणित, चित्र काढणं यात एक-दोन फ्रेम सहज जातात. म्हणून खरा आकडा हवा असेल तर हे करा: दोन मशीन शेजारी ठेवा, दोन्ही लांबच्या सर्व्हरला जोडा, आणि फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये दोन्ही स्क्रीन आणि तुमचा हात एका चौकटीत येईल असा व्हिडिओ काढा. एक फ्रेम म्हणजे जेमतेम सव्वाचार मिलिसेकंद. हात हलला तिथपासून पहिली स्क्रीन हलेपर्यंत फ्रेम मोजा, मग दुसरी हलेपर्यंत. मी हे केलं तेव्हा कळलं की माझ्याच कोडमध्ये दोन फ्रेम फुकट जात होत्या, नेटवर्कचा काही संबंध नव्हता.

पिंगबरोबर जिटर लिहून ठेवा, म्हणजे पॅकेटं (नेटवरून जाणारे डेटाचे छोटे गठ्ठे) येण्याच्या वेळेतला चढउतार. सतत १४० असेल तर सांभाळता येतं, पण कधी ९० कधी २३० झालं की माणूस वैतागतो. घरच्या वायफायवर, त्यात शेजारच्या खोलीत कुणी मोठी फाईल चढवत असेल तर जिटर भयंकर वाढतो, आणि तिथे शक्य असेल तर सरळ लॅन केबल लावा, हजार ओळींच्या कोडपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

पायरी २: खोलीतल्या प्रत्येक गोष्टीसमोर लिहा, हिला किती उशीर चालेल

कागद घ्या आणि खरंच लिहा. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही. हेडसेटमध्ये मान वळवली आणि चित्र वळलं यात २० मिलिसेकंदांच्या आत काम व्हायला हवं असं व्हीआरमध्ये धरतात, नाहीतर मळमळायला लागतं, म्हणून डोकं आणि कॅमेरा यांचा नेटवर्कशी संबंधच ठेवायचा नाही, ते कायम लोकल, म्हणजे त्याच मशीनवर. स्वतःचा हातही लोकल. दुसऱ्याचा अवतार, म्हणजे खोलीतलं त्याचं आभासी शरीर, मात्र १००-२०० मिलिसेकंद जुना दिसला तरी कुणाला पत्ता लागत नाही कारण त्याचं खरं शरीर आपल्याला दिसतच नसतं, तुलना कशाशी करणार? आवाजाला एका बाजूचे १५० मिलिसेकंद ही आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी ११४ शिफारशीतली मर्यादा, त्याच्या पुढे लोक एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात.

आणि हुकूम सोडण्याचे खेळ असतील तर भरपूर सूट मिळते. १९९७ साली आलेल्या एज ऑफ एम्पायर्सच्या टीमने नंतर लिहिलं होतं की क्लिक केल्यापासून २५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खेळणाऱ्यांच्या लक्षातही आला नाही, आणि कमीजास्त होणाऱ्या उशिरापेक्षा एकसारखा उशीर त्यांना बरा वाटला. त्यात क्लिक केल्याबरोबर सैनिक तोंडाने "हो" म्हणतो, पाय नंतर उचलतो. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सगळ्यात अवघड गोष्ट कागदावर शेवटी उरते: ज्याला दोघंही हात लावू शकतात अशी वस्तू. माझ्या खोलीत स्ट्रायकर आणि बोरिक पावडरची डबी.

पायरी ३: रस्ता नीट निवडा

टीसीपी हा डेटा पाठवायचा भरवशाचा मार्ग, पण त्यात एक पॅकेट हरवलं की मागून आलेली सगळी दारात थांबून राहतात, हरवलेलं परत येईपर्यंत. चॅट मेसेजला हे हवंच आहे, पण हाताच्या पोझिशनला नको, कारण ५० मिलिसेकंदांपूर्वीची हरवलेली पोझिशन परत मागून करायचं काय, तोवर नवीन आलेली असते. म्हणून हालचालींसाठी यूडीपी, ज्यात हरवलेलं परत मागत नाहीत. ब्राउझरमध्ये असाल तर वेबसॉकेट म्हणजे टीसीपीच, त्याऐवजी वेबआरटीसीचा डेटा चॅनल घ्या आणि त्यात क्रम बंद, पुन्हा पाठवणं शून्य असं सेट करा. दुसरा एक चॅनल भरवशाचा ठेवा, वस्तू कुणाच्या मालकीची, सोंगटी पॉकेटमध्ये गेली, अशा एकदाच घडणाऱ्या गोष्टींसाठी. काही कारणाने टीसीपीवरच राहावं लागलं तर निदान नेगलचा अल्गोरिदम बंद करा, तो छोटी पॅकेटं साठवून एकत्र पाठवायला बघतो आणि आपल्याला नेमकं तेच नको असतं.

पॅकेट १२०० बाइटच्या आत ठेवा, वाटेत तुकडे होत नाहीत.

पायरी ४: घड्याळं जुळवा

हे कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि मग पुढचं सगळं डगमगतं. क्लायंटने, म्हणजे खेळणाऱ्याच्या मशीनने, आपली वेळ लिहून पाठवायचं, सर्व्हरने त्यात स्वतःची वेळ घालून परत करायचं, परत आल्यावर एकूण किती वेळ लागला त्याचं अर्ध करायचं आणि सर्व्हरच्या वेळेत मिळवायचं, ही झाली सर्व्हरची आत्ताची वेळ. असं दहा-बारा वेळा करा आणि ज्या फेरीला सगळ्यात कमी वेळ लागला तीच खरी धरा, सरासरी काढू नका, कारण गर्दीत अडकलेली पॅकेटं सरासरी बिघडवतात. मशीनचं नेहमीचं तारीख-वेळेचं घड्याळ वापरू नका, ते मधेच स्वतःला दुरुस्त करून मागे-पुढे उडी मारतं, कायम पुढेच जाणारा टायमर घ्या. आणि चालू खेळात फरक दिसला तर घड्याळाला उडी मारू देऊ नका, थोडं हळू किंवा थोडं जलद चालवून जुळवून घ्या.

पायरी ५: स्वतःची हालचाल, परवानगी न मागता

बाबांच्या तक्रारीचं उत्तर इथे आहे. बोट हललं की स्ट्रायकर लगेच हलला पाहिजे, सर्व्हरला विचारत बसायचं नाही. १९९६ च्या शेवटी क्वेक या गोळीबाराच्या खेळाचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याने त्याच्या इंटरनेट आवृत्तीत, क्वेकवर्ल्डमध्ये, हे आणलं कारण डायलअप मोडेमवर मूळ क्वेक खेळणं म्हणजे बर्फावर चालण्यासारखं झालं होतं. नाव क्लायंट प्रेडिक्शन.

लगेच हलवणं सोपं आहे, चुकल्यावर सावरणं हे खरं काम. प्रत्येक इनपुटला नंबर द्या आणि यादीत ठेवून द्या. सर्व्हर उत्तर देतो, "तुझे ६१ पर्यंतचे इनपुट धरून तू इथे आहेस." १४० मिलिसेकंदांच्या फेरीत ६० फ्रेमने ८-९ इनपुट अजून वाटेत असतात, म्हणजे तुम्ही तोवर ७० वर पोचलेले असता. आता सर्व्हरने दिलेल्या जागेवर जायचं, ६२ ते ७० पुन्हा चालवायचे, सगळं त्याच एका फ्रेममध्ये. गणित दोन्हीकडे सारखं असेल तर तुम्ही होता तिथेच येता आणि कुणाला काही दिसत नाही.

फरक आलाच तर वस्तू एकदम ओढू नका. फिजिक्समधली जागा लगेच बरोबर करा, पण डोळ्यांना दिसणारं मॉडेल जुन्या जागी ठेवून त्यातला फरक दर फ्रेमला १० टक्क्यांनी कमी करत जा. ६० फ्रेमवर साधारण एक तृतीयांश सेकंदात तो बराचसा विरतो. हेडसेट ९० फ्रेमवर चालत असेल तर हेच गणित फ्रेमवर न ठेवता वेळेवर ठेवा, नाहीतर ताईकडे वेगळं आणि बाबांकडे वेगळं दिसेल. फरक फारच मोठा असेल, म्हणजे वस्तू खोलीच्या पलीकडेच असायला हवी होती, तर सरकवत बसू नका, सरळ तिथे न्या, कारण भिंतीतून तरंगत जाणारी वस्तू जास्त विचित्र दिसते.

पायरी ६: दुसऱ्याचा अवतार, मुद्दाम थोडा जुना

नवीन माणसाला ही पायरी उलटी वाटते. ताईचा हात बाबांना शक्य तितका ताजा दाखवायचा असा मोह होतो, पण ताजी पॅकेटं कधी वेळेवर येतात कधी नाही, आणि हात थरथरतो. म्हणून आलेल्या पोझिशन लगेच न दाखवता बफरमध्ये, म्हणजे थोडा वेळ साठवायच्या रांगेत, टाका आणि "आत्ता वजा १०० मिलिसेकंद" या वेळेचं चित्र दाखवा. त्या वेळेच्या अलीकडचं एक आणि पलीकडचं एक अशी दोन पॅकेटं हातात असतात, मधली जागा काढता येते. सेकंदाला २० अपडेट असतील तर १०० मिलिसेकंदांत मधलं एक पॅकेट हरवलं तरी चित्र अडत नाही. व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या सोर्स इंजिनचा डिफॉल्टही हाच होता, २० अपडेट आणि १०० मिलिसेकंद.

जागेसाठी साधं सरळ रेषेतलं इंटरपोलेशन, म्हणजे मधली जागा काढणं, चालतं, पण हात वळणावर कोनात वळल्यासारखा दिसतो, म्हणून वेगही पाठवा आणि तो धरून गोलसर वळण काढणारा हर्मिट कर्व्ह वापरा. मनगट फिरवण्यासाठी क्वाटर्निअन (फिरणं चार आकड्यांत मांडायची पद्धत) आणि स्लर्प (त्यांच्यातलं इंटरपोलेशन), तीन कोन वेगवेगळे इंटरपोलेट केले तर मनगट मोडल्यासारखं दिसतं. ताईने हाताने "थांब" केलं तर बाबांकडे तो हात सुतारकामातल्या मोडक्या घडीपट्टीसारखा दिसला होता, ते कोनांमुळेच.

बफर किती मोठा ठेवायचा हे जिटर बघून ठरवा. शांत लाईनवर ६० पुरे, वाईट मोबाईल नेटवर २०० लागेल. बदलताना मात्र हळू, खेळण्याचा वेग दोन-तीन टक्के इकडेतिकडे करा, एवढं डोळ्याला कळत नाही.

पॅकेट आलंच नाही तर? मग अंदाजाने पुढे न्यायचं, शेवटचा वेग धरून. ही कल्पना जुनी आहे, १९८० च्या दशकात अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने सिमनेट नावाचं रणगाड्यांचं जोडलेलं सिम्युलेटर बनवलं त्यात हेच डेड रेकनिंग या नावाने होतं, पुढे १९९३ च्या आयईईई १२७८ या स्टँडर्डमध्ये ते आलं. त्यातली सुंदर गोष्ट अशी की पाठवणाराही स्वतःचा अंदाज चालवतो, "माझ्याबद्दल समोरच्याला आत्ता काय वाटत असेल" हे त्याला माहीत असतं, आणि खरी जागा त्या अंदाजापासून ठराविक अंतराबाहेर गेली तरच तो नवीन पॅकेट पाठवतो. रणगाड्याला हे उत्तम, तो जड असतो. माणसाचा हात जड नसतो, तो क्षणात उलटा फिरतो, म्हणून हातासाठी अंदाज २००-२५० मिलिसेकंदांपर्यंतच चालवा आणि वेग हळूहळू शून्यावर आणा. नाहीतर हात टेबलातून खाली जातो.

पायरी ७: दोघांच्या हातात येणारी वस्तू

इथे माझे तीन आठवडे गेले आणि इथलंच काम खोलीला जिवंत करतं, म्हणून सावकाश वाचा.

पहिला नियम: प्रत्येक वस्तूला त्या क्षणी एकच मालक. ज्याच्या हातात वस्तू, त्याच्या मशीनवर तिचं फिजिक्स चालतं, बाकीचे फक्त बघतात. ताईने स्ट्रायकर उचलला की तो लगेच तिच्या हातात, आणि सर्व्हरला फक्त दावा जातो, "मी घेतला, अमुक वेळी." सर्व्हर होकार देतो, बाबांना कळवतो. मालकी बदलली की तिचा नंबर एकाने वाढवा आणि प्रत्येक पॅकेटमध्ये तो नंबर पाठवा, म्हणजे जुन्या मालकाचं वाटेत राहिलेलं पॅकेट उशिरा आलं तरी टाकून देता येतं. हे मी आधी केलं नव्हतं, आणि स्ट्रायकर नव्या हातातून जुन्या हाताकडे अर्धा क्षण उडी मारून परत यायचा.

दोघांनी एकदम घेतलं तर कुणीतरी हरणारच. स्ट्रायकरला पाळीचा नियम असतो, ज्याची पाळी नाही त्याला दावाच करता येत नाही, प्रश्न मिटला. पावडरच्या डबीला पाळी नाही. बाबांनी डबी धरली, ताईनेही धरली, दोघांच्या स्क्रीनवर डबी आपापल्या हातात, आणि १०० मिलिसेकंदांनी निकाल येतो की बाबा आधी. ताईच्या हातातून डबी गायब झाली तर ती मशीनला दोष देणार. त्याऐवजी ताईच्या अवताराची बोटं सैल करा, डबी २०० मिलिसेकंदांत घसरत बाबांच्या हाताकडे जाऊ द्या, हलका घासल्याचा आवाज द्या. मग ताई म्हणते, "बाबा, ओढली की हो तुम्ही!" बिघाड कुणाला दिसत नाही, दिसतो तो बापलेकीतला ओढाताणीचा क्षण, आणि खऱ्या कॅरमलाही हे होतंच.

आता मारलेला शॉट. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी, एक स्ट्रायकर, वीस वस्तू एकमेकांवर आदळतायत. मी आधी फक्त कोन आणि जोर पाठवायचे आणि दोन्हीकडे फिजिक्स चालवायचे. दोन-तीन टकरींनंतर दोन बोर्ड वेगळे व्हायला लागले, कारण वेगवेगळ्या प्रोसेसरवर आणि कंपायलरवर दशांशाचं गणित शेवटच्या आकड्यात थोडं वेगळं येतं आणि प्रत्येक टक्कर तो फरक वाढवते. बाबांकडे राणी पॉकेटच्या ओठावर, ताईकडे आत. त्यावरून भांडण होणारच.

मग लक्षात आलं की कॅरमच्या शॉटमध्ये एकदा बोट सुटलं की पुढे कुणी काही बदलू शकत नाही. म्हणजे मारणाऱ्याचं मशीन पुढच्या पाच सेकंदांचं सगळं फिजिक्स न दाखवता भराभर चालवून संपवू शकतं, सगळा निकाल शॉट सुटतानाच तयार असतो. तोच पाठवायचा. ७४ सेंटीमीटरचा बोर्ड, प्रत्येक दिशेला १२ बिट दिले तर ०.१८ मिलिमीटरची अचूकता मिळते, म्हणजे एका सोंगटीची जागा ३ बाइटमध्ये. वीस वस्तू, सेकंदाला २० वेळा, पाच सेकंद: ६००० बाइट, न हललेल्या सोंगट्या वगळल्या तर त्याहून कमी. भरवशाच्या चॅनलवरून पाठवा, समोरच्याकडे तो शॉट थोड्या उशिराने पण तंतोतंत तसाच दिसतो. पाहणाऱ्याला फक्त एवढं दिसतं की समोरच्याने बोट सोडलं आणि स्ट्रायकर सुटला, त्या दोन्ही गोष्टी सारख्याच उशिरा आल्या तर उशीर दिसणार कुठे? म्हणून बोटाचं ॲनिमेशन आणि स्ट्रायकर कायम एकाच वेळरेषेवर ठेवा, बोट बफरमधून आणि स्ट्रायकर थेट असं करू नका.

तुमच्या खोलीत कॅरम नसेल, ठोकळे रचायचे असतील, तर पुढचं आधी काढता येणार नाही. तिथे मालकाच्या मशीनवरून अपडेट पाठवत राहा आणि दुरुस्ती वस्तू हलत असतानाच करा. हलत्या ठोकळ्याला एक सेंटीमीटर सरकवलं तर कुणी बघत नाही, थांबलेल्याला दोन मिलिमीटर सरकवलं तरी डोळा तिकडे जातो.

पायरी ८: फेकलेली वस्तू आणि वाकवलेला वेळ

ताईने बाबांकडे डबी फेकली. ताईच्या हातातून ती ताईच्या वेळेत सुटली पाहिजे आणि बाबांच्या हातात बाबांच्या वेळेत पडली पाहिजे, आणि या दोन वेळांत फरक आहे. तो फरक हवेत मुरवा. बाबांच्या स्क्रीनवर डबी सुटते तेव्हा ती ताईच्या बफरच्या वेळेत असते, जवळ येता येता तिचा वेळ थोडा जलद करत बाबांच्या वेळेला आणून मिळवायचा. पाऊण सेकंदाच्या झेपेत १५० मिलिसेकंद वाटून टाकले तर वेगातला फरक पाचव्या हिश्शाएवढा, आणि हवेतल्या वस्तूचा वेग माणूस तितका नीट जोखत नाही. १९९८ साली लोकल परसेप्शन फिल्टर या नावाने ही कल्पना मांडली गेली.

नेमबाजीच्या खेळात वेगळा तोडगा असतो, तुम्ही गोळी मारली तेव्हा तुमच्या स्क्रीनवर समोरचा जिथे होता तिथे सर्व्हर त्याला मागे नेऊन तपासतो. मारणाऱ्याला न्याय मिळतो, पण भिंतीआड पोचलेल्या माणसाला आड गेल्यावर गोळी लागते. उशीर त्याच्या पदरात टाकला, एवढंच. कुणाच्या पदरात टाकायचा हे तुम्ही ठरवा, आपोआप ठरू देऊ नका.

आणि सर्व्हरचं उत्तर लागणारच अशा कामात, उदाहरणार्थ दार उघडणं, आधी आवाज द्या, कडी हलू द्या, हात पुढे जाऊ द्या. २००-३०० मिलिसेकंदांचं ॲनिमेशन संपेपर्यंत उत्तर येऊन पोचतं.

पायरी ९: जिथे लपत नाही तिथे रचनाच बदला

गणपतीत आम्ही त्याच खोलीत आरती करायचं ठरवलं. दोन ओळींत लय बसली, म्हणजे अक्षरशः खाली बसली. बाबांना ताईच्या टाळ्या उशिरा ऐकू येतात म्हणून ते थांबतात, ताईला बाबा थांबल्याचं उशिरा कळतं म्हणून ती आणखी थांबते. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण २५-३० मिलिसेकंदांपर्यंतच जमतं, आवाज हवेतून १० मीटर यायला लागतो तेवढा वेळ. आमचा एका बाजूचा उशीर आवाजाचा बफर धरून १५० च्या पुढे, म्हणजे ५० मीटरवर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून टाळ्या धरण्यासारखं. कुठलंही प्रेडिक्शन इथे चालत नाही, आवाजाचा अंदाज बांधता येत नाही.

केलं ते असं: बाबा म्हणणारे, बाकीचे ऐकून धरणारे. बाबांचा आवाज आणि टाळ्या सगळ्यांकडे जातात, इतरांचा आवाज आरती चालू असताना बाबांकडे येत नाही. ताईला बाबांबरोबर म्हटल्याचं समाधान मिळतं, तिच्या कानात सगळं एकत्र असतं. बाबांना एकट्याने म्हणावं लागतं, म्हणून त्यांना ताईचे हलणारे हात दिसू दिले, उशिरा का होईना, फक्त टाळीच्या आवाजाशिवाय. संपल्यावर माइक उघडले आणि "मंगलमूर्ती मोरया" सगळ्यांनी मागेपुढे केलं, त्याला लय लागत नाही.

पायरी १०: वाईट नेटवर्क घरी तयार करून तपासा

स्वतःच्या टेबलावर दोन लॅपटॉप ठेवून सगळं छानच चालतं. लिनक्सवर टीसी कमांडमधलं नेटएम, विंडोजवर क्लम्सी, मॅकवर नेटवर्क लिंक कंडिशनर वापरून उशीर, जिटर आणि पॅकेट हरवणं मुद्दाम घाला. मी तीन सेटिंग कायम ठेवते: ४० मिलिसेकंद स्वच्छ, १५० ला २० चा जिटर आणि १ टक्का लॉस, आणि ३०० ला ८० चा जिटर आणि ५ टक्के लॉस. रोजचं काम मधल्यावर करा, स्वच्छवर कधीच नको, म्हणजे चुका लिहितानाच दिसतात. मधेच दोन सेकंद नेट पूर्ण तोडूनही बघा: अवतार गोठतो का, हातातली वस्तू कुणाची राहते? माझ्याकडे पाव सेकंदानंतर अवतार हळूहळू फिका होतो आणि तीन सेकंदांनी त्याच्या हातातला स्ट्रायकर आपल्या रेषेवर परत येतो, आणि तो माणूस परत आला की त्याचीच पाळी चालू राहते.

मग खऱ्या माणसांना बसवा आणि "लॅग वाटतो का" असं विचारू नका, विचारलं की माणूस शोधायला लागतो. हाताकडे बघा. ज्याला उशीर जाणवतो तो वस्तू धरल्यावर क्षणभर थांबतो, आली का बघतो, मग हलवतो. बाबा पहिल्या आठवड्यात स्ट्रायकर रेषेवर ठेवून बोट तसंच दाबून धरायचे, तो जागेवर बसला याची खात्री होईपर्यंत. मालकीचा बदल टाकला त्या संध्याकाळी मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांनी स्ट्रायकर ठेवला, बोट उचललं, पावडरच्या डबीकडे हात नेला, आणि ताईला म्हणाले, "राणी मी घेणार आता, कव्हर आहे माझ्याकडे."